पहिल्यांदाच उघड्यावर मिरचीचे रोप टाकायचे आहे (उमरेड-भिवापूर भाग)

नवशिका_उमरेड · १८ एप्रिल

रामराम मंडळी. यंदा खरिपात २० गुंठ्यांत लाल मिरची लावायची आहे. वावर भारी काळीचे, ठिबक आहे, विहिरीला मेअखेरपर्यंत पाणी राहते. शेडनेट-हाऊस नाही आणि बांधायचेही नाही. रोप घराजवळच्या खळ्यात उघड्यावरच करायचे आहे. मिरचीचे रोप याआधी कधी टाकलेले नाही. बी किती, वाफे किती, केव्हा टाकायचे आणि रोप सगळ्यात जास्त कशाने मरते, हे आकड्यांनिशी सांगा.

काळी_कसदार · १८ एप्रिल

आधी हिशेब करू. ६० बाय ४५ सेंमी अंतर धरले तर २० गुंठ्यांत ७,५०० झाडे बसतात. नांगे (रोप मेलेल्या रिकाम्या जागा) भरायला दहा टक्के जास्त धरा, म्हणजे ८,२५० चांगली रोपे हवीत.

वाफा ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, १५ सेंमी उंच. रुंदीत, म्हणजे आडव्या, १० सेंमीवर ओळी पाडल्या की कडा सोडून २८ ओळी होतात. एका ओळीत अडीच सेंमीवर एक बी टाकले तर ३५-३६ दाणे. म्हणजे वाफ्याला साधारण हजार दाणे. त्यातली साडेसातशे रोपे लावण्यालायक निघाली तर वाफा उत्तम जमला म्हणायचे. तुम्हाला ११ वाफे लागतील.

मिरचीचे बी ग्रॅमला दीडशे ते दोनशे दाणे भरते, म्हणून ११ हजार दाण्यांना ६५-७० ग्रॅम बी लागेल. सरळ (संकरित नसलेल्या) वाणासाठी शिफारशीत एकरी ४०० ते ५०० ग्रॅम लिहिलेले असते. त्यात फेकून पेरणे आणि मर दोन्ही धरलेले आहे. ओळीत मोजून टाकलेत तर सरळ वाणाचे १०० ग्रॅम अर्ध्या एकराला पुरून उरते. उरलेले ३० ग्रॅम फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवा. दहा-बारा दिवसांनी एखादा वाफा बसलाच, तर त्याच वाणाचे बी हाताशी राहील.

आज १८ एप्रिल आहे. वाफे याच आठवड्यात करून घ्या. बी टाकायला महिना आहे, आणि हा मोकळा महिनाच तुमच्या सगळ्यात उपयोगाचा आहे. वाफे झाले की पुढचे सांगतो.

वऱ्हाडी_वखर · १८ एप्रिल

भाऊ, खळ्याची जागा पायताना दोन गोष्टी पाहा. एक, पाऊस आला तं पाणी कोणीकडं वाहते. दोन, जागेवर मागच्या साली मिरची, वांगी, टमाटर, आलू होते का. असतील तं ती जागा सोडा, तिथली मातीबी उचलू नोका. झाडाखाली तं अजिबात नोका. निंबाखाली गार वाटते, पण रोप लांबट होते अन् पावसात वरून थेंब ठिबकून माती उकरते.

काळी_कसदार · १९ एप्रिल

वऱ्हाडीभाऊंनी बरोबर सांगितले. आता वाफ्याची माती.

निव्वळ काळी माती वाफ्याला चालत नाही. पाणी पडले की चिकट होते, वाळली की वर पापुद्रा धरते आणि भेगा पडतात. मिरचीचा कोंब फार नाजूक असतो, तो पापुद्रा फोडू शकत नाही. बी आत उगवते आणि आतच वाकडे होऊन सडते. आपण म्हणतो बियाणे खराब निघाले.

खालचे १० सेंमी तुमचीच माती राहू द्या, ढेकळे फोडून. वरच्या ५ सेंमीत माती, नदीची वाळू आणि चाळलेले शेणखत समान वाटे घ्या. वाफ्याला २५ ते ३० किलो शेणखत लागते, म्हणजे ११ वाफ्यांना साधारण ३०० किलो. एक बंडी पुरते. शेणखत दोन पावसाळे कुजलेले हवे. उकिरड्याच्या पोटात हात घालून पाहा. गरम लागले, वास आला किंवा शेणाची पोळी अजून ओळखू येत असली, तर ते खत वाफ्याचे नाही. अर्धवट कुजलेल्या खतातूनच हुमणी आणि वाळवी येते, मर रोगालाही तेच खत पोसते. अर्ध्या इंचाच्या जाळीतून चाळा. चाळताना पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर तो ढीग सोडून द्या.

दोन वाफ्यांत दीड फुटाची नाली ठेवा. नालीचा उतार खळ्याबाहेर काढा. जूनमधला पहिला जोराचा पाऊस तासाभरात वाफे बुडवतो, तेव्हा खोदायला वेळ राहत नाही.

नवशिका_उमरेड · १९ एप्रिल

११ छोटे वाफे करण्याऐवजी ११ मीटरचे तीन लांब वाफे केले तर चालतील का? जागा लांबट आहे.

झारी · १९ एप्रिल

जागा सपाट असेल तर चालतील, आणि जाळीही वाचेल. प्रत्येक वाफ्यावर कीडरोधक जाळीचा बोगदा करावा लागतो. वाफ्याच्या दोन्ही टोकांना एकेक मीटर जाळी मातीत दाबायला जाते. ११ वाफ्यांना ५५ मीटर लागते, तीन लांब वाफ्यांना ३९ मीटर. उतार असेल तर मात्र लांब वाफ्याच्या खालच्या टोकाला पाणी साचते आणि तिथले रोप जाते. एक भोक पडले तर पांढरी माशी ११ मीटरभर फिरते, हेही धरा. पहिल्या वर्षी साडेपाच मीटरचे सहा करा, हा माझा सल्ला.

कृषीमित्र_अकोला · २० एप्रिल

एक महिना हातात आहे तर मातीला ऊन द्या. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हाचा हा सगळ्यात चांगला उपयोग आहे, आणि त्याला खर्च फक्त प्लास्टिकचा.

क्रम असा ठेवा. वाफे पूर्ण तयार करा, खत-वाळू मिसळून, वर फळी फिरवून. मग वाफा वीतभर खोल भिजेल असे पाणी द्या. ओल्या मातीत उष्णता खोल जाते, आणि बुरशीचे बीज व तणाचे बी ओलीने जागे झालेले असते म्हणून लवकर मरते. दुसऱ्या दिवशी २५ ते ५० मायक्रॉनचे पारदर्शक पॉलिथिन वाफ्याला चिकटून अंथरा आणि चारी कडा मातीत दाबा. काळे प्लास्टिक नको. काळे स्वतः तापते, पारदर्शकातून ऊन आत जाऊन माती तापते. चार ते सहा आठवडे उघडू नका. भोक पडले तर लगेच चिकटपट्टी लावा.

पॉलिथिन काढल्यावर वाफा पुन्हा खणायचा नाही. बरेच लोक इथे चुकतात. खणले की खालची न तापलेली माती वर येते आणि महिन्याचे काम वाया जाते. ओळीपुरते बोटभर उकरायचे, बस.

याच काळात एकीकडे ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, वाढवून ठेवा. १०० किलो चांगल्या शेणखताला १ किलो, या प्रमाणात. तुम्हाला २५ किलो खतात पाव किलो पुरे. सावलीत ढीग, वर ओले पोते, तीन दिवसांआड वरखाली. आठ-दहा दिवसांत हिरवट-पांढरी बुरशी धरते. ते खत पेरणीच्या दिवशी ओळीत टाका. तापवून मोकळ्या केलेल्या जागेत चांगली बुरशी आधी बसली, तर वाईट बुरशीला शिरायला वाव राहत नाही.

धुरकरी_भिवापूर · २० एप्रिल

बियाणे कोणते घेणार? भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि आपल्या मातीत ती बसलेली आहे. घरचे किंवा गावातले बी घेणार असाल तर चुरडा-मुरडा (पाने आवळून झाड खुजे राहण्याचा रोग) नसलेल्या झाडांची, दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातली, झाडावरच पूर्ण लाल झालेली फळे हवीत. मिरचीत परपरागीकरण बरेच होते. शेजारच्या वावरात दुसरी जात असेल तर बी मिसळते. प्रमाणित बियाण्यासाठी म्हणूनच २०० मीटर अंतर ठेवतात. आणि संकरित मिरचीच्या फळातले बी कोणी दिले तर घेऊ नका, पुढच्या पिढीत एका ओळीत चार प्रकारची झाडे निघतात.

सरळ वाण हवा असेल तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा जयंती पाहा. पुसा ज्वालाही मिळते.

कृषीमित्र_अकोला · २१ एप्रिल

बी कुठलेही घ्या, उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. चौदाव्या दिवशी मोजा. सत्तरपेक्षा जास्त आले तर ठीक. साठ आले तर ओळीत दाणे वाढवा. पन्नासच्या खाली असेल तर ते बी टाकू नका, कारण जे उगवेल तेही कमजोर राहील.

नवशिका_उमरेड · १२ मे

वाफे झाले, प्लास्टिक २३ एप्रिललाच टाकले. घरचे भिवापुरी बी मिळाले, १०० पैकी ८१ उगवले. आता दिवस कोणता धरू? इथे कोणी २५ मे म्हणतो, कोणी मिरगानंतर.

वऱ्हाडी_वखर · १२ मे

मिरग लागू द्या भाऊ. ७-८ जून. तोवर भुई तव्यासारखी राहते. मिरचीच्या बियाले २५ ते ३० अंश लागते, ३५ च्या वर उगवण मारच खाते. मेमधे टाकलं तं वाफा गार ठेवायलेच दोन झाऱ्या जास्त लागतात.

काळी_कसदार · १२ मे

मिरगाचे म्हणणे चूक नाही, पण पुढचे गणित पाहा. गादीवाफ्यावर रोपाला ४० ते ४५ दिवस लागतात. ८ जूनला टाकले तर लागवड २० जुलैच्या आसपास येते. भारी काळीत तेव्हा संततधार लागली तर वावरात पायच घालता येत नाही. रोप वाफ्यावर ५५ दिवसांचे होते, खोड लाकडी होते, लावल्यावर पंधरा दिवस हलत नाही.

२५ मेला, म्हणजे रोहिणी लागताना टाकले, तर ५ ते १० जुलैला लागवड होते. जमिनीत चांगली ओल असते आणि झाड जुलैअखेर मूळ धरते. तुमच्याकडे मेअखेरपर्यंत पाणी आहे म्हणून २५ मे धरा. पाणी नसते तर मीही मिरगच सांगितला असता. सावली आणि आच्छादन चुकवू नका.

वऱ्हाडी_वखर · १२ मे

पाणी असन तं हे पटते. पण मंग सावलीची जाळी आधी टांगा, बी नंतर टाका.

झारी · १३ मे

जाळ्यांचे सांगते. दोन वेगवेगळ्या जाळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका.

हिरवी ५० टक्के सावलीची जाळी उन्हासाठी. बांबूच्या मांडवावर ६ फूट उंच टांगा. खाली टांगली तर आत वाफ कोंडते आणि रोप उबते. ही गुंडाळता यायला हवी, म्हणून एका बाजूनेच पक्की बांधा.

पांढरी नायलॉनची ४० ते ५० मेशची जाळी किडीसाठी. बांबूच्या कमट्या वाकवून दर मीटरला एक कमान, मधली उंची अडीच फूट. जाळी अडीच मीटर रुंद घ्या म्हणजे दोन्ही बाजूंनी वीतभर मातीत दाबता येते. ही जाळी बी टाकल्याच्या दिवसापासून लावायची. रोप दिसल्यावर लावू म्हणणाऱ्यांच्या जाळीत माशी आधीच आत असते. चुरडा-मुरड्याचा विषाणू पांढरी माशी आणते आणि रोप लहान असताना लागला तर झाड कायमचे खुजे राहते. त्यावर औषध नाही. त्यामुळे शेवटपर्यंत टिकवायची जाळी हीच.

काळी_कसदार · २३ मे

पेरणीच्या दिवसाची पद्धत लिहितो.

बीजप्रक्रिया आदल्या दिवशी. घरचे बी आहे म्हणून थायरम हे बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम बियाला ०.३ ग्रॅम, चिमूटभर. बरणीत बी, दोन थेंब पाणी, वरून पूड, आणि हलवा. हाताला मोजे घाला. ट्रायकोडर्माने बी माखायचे असेल तर थायरम नको, दोन्ही एका दिवशी एका बियावर लावले तर थायरम ट्रायकोडर्मालाच मारते. तुम्ही ओळीत ट्रायकोडर्माचे खत टाकणारच आहात, म्हणून बियालाही ट्रायकोडर्माच लावा, १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम, आणि थायरम सोडून द्या. पाकिटातले रंगीत संकरित बी असेल तर ते कंपनीतूनच औषध लावून येते, त्याला काहीच करू नका.

वाफा आदल्या संध्याकाळी भिजवा. सकाळी काडीने आडव्या ओळी, १० सेंमीवर, खोली १ सेंमी. बोटाच्या नखाएवढी, त्याहून खोल नाही. ओळीत मूठ मूठ ट्रायकोडर्माचे खत, त्यावर दाणे एकेक करून, वरून वाळू आणि चाळलेले शेणखत समान मिसळून झाकणी. काळी माती झाकणीला वापरू नका. हाताच्या तळव्याने हलके दाबा.

वर तणसाचा पातळ थर. भंडारा-गोंदियाकडून येणारे धानाचे तणीस मिळाले तर उत्तम. सोयाबीनचे कुटार नको, ते बारीक असते, भिजून बसते आणि कोंब अडतो. वाफ्याभोवती मुंग्यांची वारुळे असतील तर आधी बंदोबस्त करा, मुंग्या एका रात्रीत ओळी रिकाम्या करतात.

झारी · २३ मे

पाणी बारीक छिद्रांच्या झारीनेच. पाइपने दिले तर बी वाहून वाफ्याच्या कडेला गोळा होते.

उगवेपर्यंत ३ चौरस मीटरच्या वाफ्याला सकाळी १० लिटरची एक झारी, आणि ऊन ४४ च्या वर असेल तर दुपारी चारला अर्धी. उगवल्यावर दुपारची बंद करा. मग बोट खुपसून पाहायचे, पहिल्या पेरापर्यंत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. संध्याकाळी पाणी कधीच नाही, रात्रभर पाने आणि माती ओली राहिली की मर सुरू होते.

सातव्या दिवसापासून तणीस उचलून पाहा. चार-दोन ठिकाणी पांढरा वाकलेला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, सगळे तणीस काढा. एक दिवस उशीर झाला तर कोंब तणसात अडकतात आणि काढताना डोकी तुटतात.

पॉलीट्रे_मोर्शी · २४ मे

एवढे सगळे करण्यापेक्षा ट्रे का नाही? ९८ कप्प्यांचा ट्रे, कोकोपीट, एका कप्प्यात एक बी. ८५ ट्रेमध्ये तुमची ८,२५० रोपे बसतात. ट्रेला साधारण सव्वा किलो ओले कोकोपीट लागते. मातीचा रोग नाही, रोप उपटताना मूळ तुटत नाही, ३०-३५ दिवसांत तयार.

काळी_कसदार · २४ मे

ट्रे चांगलेच आहेत, पण मेमध्ये उघड्यावर नवशिक्यासाठी नाहीत. एका कप्प्यात चमचाभर माध्यम असते. ४५ अंशात ते दोन-तीन तासांत कोरडे होते, आणि सुकलेले कोकोपीट पाणी पटकन घेत नाही, पाणी कडेने निथळून जाते. एक दुपार चुकली की अख्खा ट्रे गेला. वाफ्याच्या मातीत एक दिवसाची चूक सहन होते. कोकोपीटमध्ये अन्नद्रव्येही नगण्य, पंधराव्या दिवसापासून खत पाण्यातून द्यावेच लागते.

पॉलीट्रे_मोर्शी · २४ मे

हे मान्य. उघड्यावर ट्रे ठेवायचे तर दिवसातून तीनदा पाणी आणि घरी सतत कोणीतरी हवे. ट्रे करणार असाल तर बी टाकून ट्रे एकावर एक रचा, पॉलिथिनने गुंडाळून सावलीत ठेवा, पाचव्या-सहाव्या दिवशी पहिला कोंब दिसताच पसरा.

नवशिका_उमरेड · ११ जून

२५ मेला टाकले, उगवण छान झाली. पण काल-परवा ढग आणि पाऊस होता, आज सकाळी दोन वाफ्यांत ताटाएवढी गोल जागा आडवी पडलेली दिसली. रोपे हिरवीच आहेत पण लोळली आहेत. काय करू?

कृषीमित्र_अकोला · ११ जून

ही मर आहे, पण खात्री करून घ्या. आडवे पडलेले एक रोप बोटांनी हळूच उचला. जमिनीला टेकते तिथले खोड पाहा. पाण्याने भिजल्यासारखे, तपकिरी, दोऱ्यासारखे बारीक झालेले असेल, चिमटीत धरल्यावर साल सुटून आत बारीक पांढरा धागा राहत असेल, तर ती बुरशी. तिथे खोड स्वच्छ, तिरपे कापल्यासारखे तुटलेले असेल तर ती कुरतडणारी अळी, ती रोपाजवळ मातीत इंचभर खाली गुंडाळी करून सापडते. मूळच नाहीसे झाले असेल तर हुमणी.

बुरशी असेल तर आजच पाणी बंद करा. पडलेली रोपे आणि त्यांच्या भोवतीची चार बोटे चांगली दिसणारी रोपेही मातीसकट उचलून खळ्याबाहेर पुरा. गोल कडेवरची रोपे आज उभी दिसत असली तरी बुरशी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली असते. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम, झारीने ओळींत ओता, वाफ्याला साधारण १० लिटर. गोल जागा मोठी होतच राहिली तर चार दिवसांनी मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब १० लिटरला २० ग्रॅम. ट्रायकोडर्मा पुन्हा टाकायचे असेल तर या आळवणीनंतर आठ-दहा दिवस थांबा.

झारी · ११ जून

आणि रोपे दाट झालीत का ते पाहा. दोन रोपांत बोट शिरले पाहिजे. शिरत नसेल तर कात्रीने मुळाशी कापून विरळणी करा, उपटू नका, शेजारच्याचे मूळ हलते. पाऊस असेल तेवढ्याच वेळ कमानींवर पॉलिथिन टाका, दोन्ही टोके उघडी ठेवा, पाऊस थांबला की लगेच काढा. आणि हिरवी जाळी आता ढगाळ दिवशी गुंडाळूनच ठेवा. सावली, ओल आणि कोंडलेली हवा, या तिन्ही एकत्र आल्या की मर पसरते.

नवशिका_उमरेड · १५ जून

थांबली. एक वाफा चतुर्थांश गेला, बाकी सुरक्षित. रोप आता चार पानांचे आहे पण फिक्के पिवळसर वाटते. शेजारी म्हणतात मूठभर युरिया फेका.

वऱ्हाडी_वखर · १५ जून

युरिया टाकू नोका भाऊ! रोप आठ दिवसांत लुसलुशीत होते, खोड पोकळ होते, अन् वावरात लावलं का मान टाकते. आधी एक रोप उपटून मूळ पाहा. पांढरं हाय तं भूक हाय. तपकिरी हाय तं पाणी जास्त झालं, नाली मोकळी करा अन् दोन दिवस पाणी देऊ नोका, आपोआप हिरवं होते. भूक असन तं १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत दहा लिटरले २० ग्रॅम, सकाळी फवारा, आठ दिवसांनी एकदा अजून. बस.

धुरकरी_भिवापूर · १६ जून

फवारणीचा विषय निघाला म्हणून. पंप कोणता वापरणार? सोयाबीन-कपाशीच्या दिवसांत घरोघरी तणनाशकाचा पंप तोच कीटकनाशकाचा पंप असतो. टू-फोर-डी मारलेल्या पंपात, तीनदा धुतला तरी, मिरचीचे रोप बिघडायला पुरेल एवढे तणनाशक उरते. मग नवे पान अरुंद, पट्टीसारखे, शिरा समांतर झालेले निघते आणि लोक त्याला चुरडा-मुरडा समजून आणखी औषध मारत बसतात. रोपवाटिकेला वेगळा हातपंप ठेवा, दोन लिटरचाही पुरतो.

आणि रोपवाटिका लहान आहे म्हणून उघड्या हातांनी औषध कालवू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. मोजे, तोंडाला फडके, पूर्ण बाह्या, आणि वाऱ्याच्या दिशेने. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला बंदी आहे, कोणी स्वस्तात दिले तरी नको.

नवशिका_उमरेड · २४ जून

काही रोपांची शेंड्याची पाने वळली आहेत. पंप नवाच आहे. जाळीला उंदराने एक भोक पाडले होते, ते परवा दिसले.

कृषीमित्र_अकोला · २४ जून

वळण कोणत्या दिशेला आहे ते आधी सांगा. पानाच्या कडा वर येऊन होडीसारखा आकार झाला असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पालथी होडी, देठ लांब आणि पान खालून तांबूस चकचकीत असेल तर कोळी. पान लहान, जाड, शिरा पिवळ्या आणि पेरे आखूड होऊन शेंड्याला झुपका झाला असेल तर विषाणू.

खात्रीसाठी पांढरा कागद रोपाखाली धरा आणि शेंड्याला बोटाने दोन टिचक्या मारा. कागदावर पिवळसर, टाचणीच्या टोकाहून बारीक, लांबट किडे चालताना दिसले की फुलकिडे. कोळी साध्या डोळ्याला दिसत नाही, भिंग लागते.

नवशिका_उमरेड · २४ जून

कडा वर आहेत. कागदावर सहा-सात पिवळे किडे मोजले. पाच-सहा रोपांचा मात्र शेंड्याला झुपका आहे.

कृषीमित्र_अकोला · २४ जून

झुपक्याची रोपे आजच, जाळीच्या आतच, पिशवीत घालून मग बाहेर काढा, नाहीतर त्यांच्यावरची माशी उडून शेजारच्या रोपावर बसते. ती वावरात लावायची नाहीत, मोह करू नका. भोक शिवा. फुलकिड्यांसाठी आधी ५ टक्के निंबोळी अर्क. अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात, सकाळी गाळून १० लिटर करा, त्यात थोडा साबणचुरा. संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने. चार दिवसांनी पुन्हा कागदाची चाचणी, किडे तितकेच असतील तर स्पिनोसॅड ४५ एससी १० लिटरला ३ मिलि, एकदाच.

काळी_कसदार · २६ जून

रोप ३२ दिवसांचे झाले. आता ते राकट करायचे आहे. हिरवी जाळी आजपासून पूर्ण काढा, कीडरोधक जाळी तशीच. पाणी एकाआड एक दिवस, शेवटच्या सहा दिवसांत रोप दुपारी किंचित मान टाकेल आणि सकाळी पुन्हा उभे राहील एवढेच. खोड हिरवट-जांभळे आणि पेन्सिलच्या शिश्याहून जाड झाले, उंची १२ ते १५ सेंमी, सहा-आठ पाने आणि फूल नाही, असे रोप वावरात टिकते. २० सेंमीचे हिरवेगार लुसलुशीत रोप दिसायला छान, पण भारी काळीत पहिल्या उघडिपीत तेच आधी मरते.

नवशिका_उमरेड · ५ जुलै

दोन चांगले पाऊस झाले, रोप तयार आहे. ठिबक अंथरले. काढणीचे आणि लावण्याचे सांगा.

काळी_कसदार · ५ जुलै

आदल्या संध्याकाळी वाफा पूर्ण भिजवा. काढताना खुरपे खालून घालून मातीसकट उचला, शेंड्याला धरून ओढू नका. ओढले की बारीक मुळ्या वाफ्यातच राहतात. एकदम सगळे काढू नका, तासाभरात लावून होईल तेवढेच, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत.

इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे कीटकनाशक १० लिटरला ५ मिलि, त्यात मुळे पाच मिनिटे बुडवून लावा. दुपारी चारनंतर किंवा ढगाळ दिवशी. वाफ्यावर जेवढे खोल होते तेवढेच, दोन पानांपर्यंत पुरू नका. भारी काळीत सपाट जमिनीवर नको, ठिबकच्या नळीखाली वीतभर उंच गादी, तिच्या माथ्यावर. हाताने मुळाशी माती दाबा, पायाने नको. लगेच अर्धा तास ठिबक.

वऱ्हाडी_वखर · ५ जुलै

उरलेली रोपं उपटून फेकू नोका. एका वाफ्यात ठेवा, जाळीतच. आठव्या दिवशी नांगे भरजा, अन् पंधराव्या दिवसानंतर भरू नोका, मागं पडलेलं झाड सावलीत राहते अन् फक्त कीड पोसते.

नवशिका_उमरेड · १४ जुलै

७,५०० पैकी ३१० नांगे निघाले, सगळे काल भरले. वाफ्यात अजून साधारण चारशे रोपे उरली आहेत. गावात कोणाला हवी असतील तर द्यायला हरकत नाही ना?

कृषीमित्र_अकोला · १४ जुलै

द्या, फक्त कागदाची टिचकी मारून पाहा आणि झुपक्याचे एकही रोप त्यात जाऊ देऊ नका.